हाली, कलदार आणि पैनगंगा

चिल्लरीत परदेशी नाणं सापडणं ही तशी फार दुर्मिळ गोष्ट नाही. पुण्यात माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त वेळा आलंय ते नेपाळचं. लिपी देवनागरी, आकार आपल्या रुपया-दोन रुपयांच्या जवळपास, त्यामुळे देणाऱ्याचंही लक्ष जात नाही आणि घेणाऱ्याचंही. घरी येऊन खिसा रिकामा करताना दिसतं की यावरचं साल २०६० च्याही पुढचं आहे! भविष्यातून वगैरे आलेलं नसतं ते, विक्रम संवत असतं. ५७ वजा करायचे की आपलं साल मिळतं. आणि किंमत? १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा भाव बांधलेला आहे. म्हणजे दोन रुपये समजून घेतलेलं नाणं सव्वा रुपयाचं निघतं. पाऊण रुपयाचा फटका. यावर कोणी रिक्षावाल्याशी भांडायला परत जात नाही.

पण हाच फटका दर रुपयामागे, दर आठवड्याच्या मजुरीत बसत असेल तर? मग नाणं ओळखता येणं हा छंद राहत नाही, संसाराचा प्रश्न होतो.

मी मूळचा यवतमाळचा. आमच्या जिल्ह्यात परक्या नाण्याची गोष्ट नेपाळइतकी लांबची नाही. ते नाणं यायचं पैनगंगेच्या पलीकडून. उमरखेड, पुसद, महागाव, पांढरकवडा, वणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत एखादी ट्रंक किंवा लाकडी पेटी उघडली, तर व्हिक्टोरिया राणी आणि पंचम जॉर्ज यांच्या रुपयांसोबत एखादा चारमिनारवाला रुपया निघतो. मुखवटा नाही, इंग्रजी अक्षर नाही, सगळा मजकूर फारसी लिपीत. घरातल्या तरुण मंडळींना वाटतं की हे मोगलांच्या काळातलं काहीतरी असणार. (मग कोणीतरी चॅनेलवर ऐकलेलं असतं की अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात. नाही मिळत.) म्हाताऱ्या माणसांच्या पिढीला मात्र एका शब्दात कळायचं. हा "हाली". आणि राणीछाप तो "कलदार".

दोन्ही शब्द मजेदार आहेत. हाली म्हणजे सध्याचा, चालू. हैदराबादच्या निजामाच्या राज्यातलं चलन "हाली सिक्का", म्हणजे चलनात असलेला शिक्का. कलदार म्हणजे कळ असलेला, यंत्रावर पाडलेला. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३५ मध्ये आपल्या मुलखापुरता एकच रुपया ठरवला, १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडल्यामुळे तो गोल, एकसारखा, कडेला रेघा असलेला. त्याच्यापुढे हातोडीनं ठोकलेले संस्थानी रुपये वेडेवाकडे दिसायचे, म्हणून हा कलदार. पुढे हैदराबादनेही यंत्रं आणली, त्यांचाही रुपया गुळगुळीत गोल झाला, पण नाव काही बदललं नाही. इंग्रजांचा तो कलदार, निजामाचा तो हाली.

आता खरी गंमत. कागदोपत्री पाहिलं तर यवतमाळ जिल्ह्यात निजामाचं नाणं परकं असायचं काही कारणच नव्हतं. कारण यवतमाळ निजामाचंच होतं!

हे जरा नीट सांगायला हवं, कारण वऱ्हाडाबाहेरच्या मराठी माणसाला हा इतिहास फारसा माहीत नसतो. (खरं सांगायचं तर वऱ्हाडातल्यांनाही नसतो. शाळेत आम्ही शिवाजी महाराजांवरून थेट टिळकांवर उडी मारली होती.) १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. निजामाच्या राज्यात इंग्रजी अंमलाखालची एक फौज होती, हैदराबाद कंटिन्जंट, आणि तिचा खर्च निजामानं द्यायचा होता. तो थकत गेला. १८५३ मध्ये इंग्रजांनी तहात त्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब आपल्या ताब्यात घेतले. यातले धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत दिले. वऱ्हाड नाही दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला, आणि आमची काळी जमीन इंग्रजांना एकदम फारच आवडायला लागली. तेव्हा न परतण्याचा निर्णय फायद्याचाच ठरला म्हणायचं.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं सहावा निजाम महबूब अली खान याच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतला, वर्षाला २५ लाख रुपये भाडं. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेररचना होऊन "वणी जिल्हा" हे नाव जाऊन यवतमाळ जिल्हा आला आणि मोडलेल्या वाशिम जिल्ह्यातला पुसद तालुका त्याला जोडला. पण मालकी? ती शेवटपर्यंत निजामाचीच मानली गेली. १९३६ च्या करारात तर सातव्या निजामाला, उस्मान अली खानाला, "हैदराबाद आणि बेरारचा निजाम" असं म्हणवून घेता आलं आणि त्याच्या वारसाला "प्रिन्स ऑफ बेरार" ही पदवी मिळाली.

म्हणजे चित्र असं. यवतमाळचा शेतकरी ज्या जमिनीवर राहतो ती निजामाची. तो सारा भरतो इंग्रज सरकारला, कलदारमध्ये. त्याच्या मालकाचा, म्हणजे निजामाचा, रुपया त्याच्या बाजारात परका. सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचं तर मालकी एकाच्या नावावर, सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात आणि पासवर्ड कायमचा बदललेला.

दक्षिणेला जिल्ह्याची हद्द म्हणजे पैनगंगा. पलीकडे नांदेड आणि आदिलाबादचा मुलूख, म्हणजे मोगलाई. ("मोगलाई" हा शब्द आमच्याकडे औरंगजेबासाठी नाही, निजामाच्या राज्यासाठी वापरला जायचा.) नदी उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पायी ओलांडता येते. दोन्ही तीरांवर मराठी, दोन्ही तीरांवर ज्वारी आणि कापूस, बंजाऱ्यांचे तांडे दोन्हीकडे, गोंड आणि कोलामांची वस्ती दोन्हीकडे, सोयरिकी आरपार. आणि मुख्य म्हणजे माहूरची रेणुकामाता पलीकडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. आज आर्णी, धनोडा करत पूल ओलांडला की माहूर. १९४८ पूर्वी तोच प्रवास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचा होता. निजामाची जकात वेगळी, तिला "करोडगिरी" म्हणत, तिचे नाके वेगळे, टपाल वेगळं, तिकिटं वेगळी, आणि पैसा वेगळा. देवीपुढे ठेवायला नारळ घेताना परत आलेली चिल्लर हाली असणार, हे उघड आहे. ती गाठीला बांधून माणूस घरी आला की झालं, परकं नाणं आपल्या बाजारात.

मग त्याची किंमत काय?

दर ठरलेला होता. १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो कुठल्यातरी कारकुनाच्या डोक्यातून निघालेला वाटला. कागदावर मांडला तर १०८ नाही, ११५ नाही, बरोबर ११६ पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणजे सात हाली बरोबर सहा कलदार. इतका सरळ!

आणि हे सात-सहा आलं कुठून, तर ते नाण्याच्या पोटातच आहे. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. चारमिनारवाला रुपया ११.१८ ग्रॅमचा, ८१.८ टक्के चांदीचा. म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. भागाकार केला की १.१७ येतं. सात भागिले सहा १.१६७. सरकारी दर आणि सराफाचा काटा जवळजवळ एकच बोलतात. दोन्ही बाजूंच्या सरकारांनी कितीही फर्मानं काढली तरी शेवटी माणूस चांदीच मोजत होता.

पण बाजारात बसून सात-सहाचा हिशोब करणं म्हणजे डोक्याला ताप. पाच हाली रुपयांचे कलदार किती? ४ रुपये ४ आणे आणि जवळपास ७ पै. त्यात आणखी गुंता असा की दोन्हीकडे रुपयाचे आणे सोळाच, पण कलदार आण्याचे पैसे चार आणि हाली आण्याचे पैसे सहा. म्हणजे कलदार रुपयाचे ६४ पैसे, हाली रुपयाचे ९६. चार आणे म्हटले की अलीकडे १६ पैसे, नदीपलीकडे २४. ज्याला लिहितावाचता येत नाही त्यानं हे सगळं तोंडी करायचं, तेही समोर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ते जास्त चांगलं येत असताना.

इथे नाणं ओळखण्याला किंमत होती. कोणी बेसावधपणे हाली रुपया कलदार समजून घेतला तर त्याचा सातवा हिस्सा गेला, सव्वादोन आण्यांहून थोडे जास्त. सात दिवसांची मजुरी अशी घेतली तर एका दिवसाचं काम फुकट. चूक उलट दिशेनं झाली तर पलीकडच्याचा तेवढाच फायदा. सीमेवरचा व्यापारी आणि सराफ या फरकावर जगायचा म्हणणं जरा कडक होईल, पण त्या फरकाची सगळ्यात जास्त जाण त्यालाच होती हे नक्की. आपण परदेशी जाताना विमानतळावरच्या काउंटरवर भाव पाहून चरफडतो, तसंच. फक्त इथे विमानतळ नव्हता, आठवडी बाजार होता.

आणखी एक बारकावा. आपल्याकडे कलदार रुपया हे नुसतं नाणं नव्हतं, वजनही होतं. एक रुपया म्हणजे एक तोळा, ८० रुपये भार म्हणजे एक शेर. पारड्यात रुपये टाकून माल मोजता यायचा. त्या ८० रुपयांच्या जागी ८० हाली ठेवले तर? ९३३ ग्रॅमच्या ऐवजी ८९४. शेरामागे ३९ ग्रॅम कमी, तेही नाण्यांची संख्या बरोबर असताना. फसवणुकीसाठी पारड्याला मेण लावायची गरजच नाही.

आता हातात नाणं आहे असं समजून ते ओळखू या. उर्दू येत नसेल तरी चालेल, मलाही येत नव्हती.

पहिली खूण चारमिनार. तो नाण्यावर आला महबूब अली खानाच्या काळात, हिजरी १३२१ मध्ये, म्हणजे १९०३-०४. त्याच्या आधीच्या रुपयांवर इमारत नाही, नुसती अक्षरं. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर बसवलेलं असतं, दाराला कुलूप लावल्यासारखं. ते "मीम" असेल, म्हणजे छोटा गोल आणि खाली ओढलेली शेपटी, तर नाणं महबूब अली खानाचं. ते "ऐन" असेल, साधारण उलट्या तीनसारखं दिसणारं, तर उस्मान अली खानाचं. निजामांच्या नावांची पहिली अक्षरं. उस्मानची सुरुवात आपण "उ"नं करतो, फारसी लिपीत ती ऐननं होते.

दुसरी खूण वर कोरलेला ९२ हा आकडा. पुष्कळ लोक हा सालाचा भाग समजतात आणि मग १७९२ किंवा १८९२ पर्यंत पोचतात. सालाशी त्याचा संबंध नाही. अरबी अक्षरांना अंक देण्याची जुनी पद्धत आहे, अबजद. त्यात मीमचे ४०, हेचे ८, पुन्हा मीमचे ४०, दालचे ४. बेरीज ९२, शब्द "मुहम्मद". कोडच आहे तो एक प्रकारचा! आजूबाजूचा मजकूर "निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादुर". १८५७ पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या मोगल बादशहाचं नाव असायचं. बादशाही बुडाल्यावर ते काढलं आणि आपल्या घराण्याची पदवी घातली. राणीचं नाव घातलं नाही. अलवर, बिकानेर, धार, देवास अशा काही संस्थानांनी आपल्या नाण्यांवर व्हिक्टोरियाचं तोंड छापून घेतलं होतं, हैदराबादनं शेवटपर्यंत नाही. हा ताठा म्हणा, अब्रू म्हणा. राजकारणात इंग्रजांपुढे पूर्ण वाकलेल्या दरबारानं नाण्यावर मात्र मान वाकवली नाही, याचं मला थोडं कौतुकच वाटतं.

तिसरी गोष्ट साल. आकडे फारसी पद्धतीचे असतात. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे टिंब, पाच म्हणजे उलटा बदाम, सात म्हणजे इंग्रजी व्हीसारखा खाली टोक असलेला, आठ म्हणजे त्याचंच छप्पर. अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे, इथे बहुतेक जण फसतात. मिळालेलं साल हिजरी. हिजरी वर्ष चांद्र आणि छोटं, त्यामुळे नुसती बेरीज-वजाबाकी करून चालत नाही. त्यातून तीन टक्के कमी करायचे आणि ६२२ मिळवायचे. माझ्याकडच्या रुपयावर १३३७ आहे. तीन टक्के म्हणजे ४०. उरले १२९७. अधिक ६२२, झालं १९१९. (प्रत्यक्षात हिजरी १३३७ ऑक्टोबर १९१८ ते सप्टेंबर १९१९ एवढं होतं. पाकिटामागच्या गणिताला हे चांगलंच उत्तर आहे.)

मागच्या बाजूला राज्याभिषेकापासूनचं वर्ष आणि टांकसाळीचं नाव. माझ्या नाण्यावर ८ आहे, उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आला, हिशोब जुळतो. टांकसाळ "फर्खुंदा बुनियाद हैदराबाद", म्हणजे शुभ पायावर वसलेलं हैदराबाद. एवढंच. बेरारचं नाव नाण्यावर नाही. पदवीत बेरार, नाण्यात नाही.

हे १९१८-१९ हे सालही बोलकं आहे. पहिल्या महायुद्धात चांदी महाग आणि दुर्मिळ झाली होती, आणि १९१८ मध्येच हैदराबादनं स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. या नोटा इंग्लंडमध्ये छापल्या जायच्या. १९२२ मध्ये तिकडून निघालेलं "ईजिप्त" नावाचं जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात धडकून बुडालं. दहा वर्षांनी इटालियन पाणबुडे त्यातलं सोनं काढायला उतरले, तर सोन्याबरोबर निजामाच्या सही न झालेल्या नोटांचा लगदाही वर आला. आज संग्राहक त्या समुद्र प्यायलेल्या नोटांना चांगली किंमत देतात. असो, फार लांब गेलो.

रुपया ओळखणं सोपंच आहे. खरा घोळ तांब्या-काशाच्या चिल्लरीत व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला इंग्रज सरकारनं १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा काढला. आपल्या आजी-आजोबांचा "भोकाचा पैसा" तो हाच. त्याच सुमारास हैदराबादनंही भोकाचा पैसा काढला, दोन पैंचा. दोन्ही तपकिरी, दोन्ही मध्ये पोकळ, दोन्ही दोऱ्यात ओवून कमरेला बांधायला सोयीचे. आता किंमत बघा. इंग्रजी भोकाचा पैसा म्हणजे कलदार रुपयाचा ६४ वा भाग. हैदराबादी म्हणजे हाली रुपयाचा ९६ वा, म्हणजे कलदारचा ११२ वा. अंधाऱ्या दुकानात एकाच्या जागी दुसरा दिला तर जवळपास निम्मी किंमत गेली. इंग्रजी पैशावर मुकुट आणि इंग्रजी अक्षरं आहेत, हैदराबादीवर नाहीत आणि तो आकारानंही लहान. दिवसा फरक लगेच दिसतो. पण पैसे नेहमी दिवसाच मोजले जातात असं नाही.

उमरखेडच्या एका सराफाला मी माझा रुपया दाखवला. त्यांनी काट्यावर टाकायच्या आधी, नुसता हातात घेऊन, सांगितलं, "हा चारमिनारवाला हाय भाऊ. याच्यात चांदी कमी रायते, कलदारचा भाव याले नाई भेटत." इतक्या वर्षांनंतरही सात-सहाची आठवण बोटांत शिल्लक आहे!

पण इथे साल वाचता येण्याचा उपयोग होतो. १९४० पासून इंग्रज सरकारनं कलदारमधली चांदी ९१.७ वरून ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. म्हणजे १९४२ च्या कलदारमध्ये शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम आणि माझ्या १९१९ च्या हालीमध्ये ९.१४. सराफांचं म्हणणं जुन्या कलदारपुरतं खरं, युद्धकाळातल्या कलदारपुढे साफ उलटं. म्हणूनच जुने चांगले रुपये, मग ते कुठलेही असोत, बाजारातून गायब होऊन मडक्यांत आणि गळ्यांत गेले. खर्चायला हलका पैसा, ठेवायला भारी, हे कळायला कुणाला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

आतापर्यंत "परकं" हा शब्द मी बाजाराच्या अर्थानं वापरला. १९४७ च्या शेवटी तो सरकारी झाला. इंग्रज गेले, हैदराबादनं भारतात यायला नकार दिला आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा जैसे थे करार केला. त्याच सुमारास मीर लायक अली पंतप्रधान झाले, आणि काही आठवड्यांतच त्यांच्या सरकारनं दोन वटहुकूम काढले. एकानं संस्थानातून भारतात मौल्यवान धातू नेण्यावर बंधनं आली. दुसऱ्यानं भारतीय चलन संस्थानात अवैध ठरलं. पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज दिल्याचंही तेव्हाच उघड झालं. दिल्लीनं हा करारभंग आहे म्हणून जोरदार हरकत घेतली. व्ही. पी. मेनन यांनी हे सगळं सविस्तर लिहून ठेवलंय.

दिल्ली आणि हैदराबादसाठी हा खलित्यांचा विषय होता. पैनगंगेच्या काठावर त्याचा अर्थ एवढाच होता की कालपर्यंत दोन्ही तीरांवर घेतला जाणारा, उलट पलीकडे जास्तच मान असलेला कलदार आज नदी ओलांडली की कायद्यानं पैसाच नाही. त्या वर्षी पलीकडून माणसंही येत होती. रझाकारांच्या भीतीनं घरदार सोडून सरहद्दीवरच्या गावांत आलेली. हैदराबाद स्टेट काँग्रेसनं सीमेवर कॅम्प उभे केले होते, उमरखेड त्यातलंच एक. या कॅम्पांमधून करोडगिरीचे नाके आणि पोलीस ठाण्यांवर हल्ले होत. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरी इथली बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्याच्या खर्चासाठी लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. पळून आलेल्या माणसाच्या कनवटीला जे काही होतं ते हाली होतं. सात-सहाचा भाव सरकारी दप्तरात कायम असला तरी, ज्या राज्याचं काय होणार हे कुणालाच माहीत नाही त्याचा पैसा बाजार कोणत्या भावानं घेईल? घाईत विकणाऱ्याला पूर्ण भाव मिळत नाही, आणि या माणसांइतक्या घाईत कोणीच नव्हतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला फौजा शिरल्या, १७ ला निजामानं शरणागती पत्करली. राज्य पाच दिवसांत गेलं. पैसा जायला अकरा वर्षं लागली.

हे मला सगळ्या गोष्टीतलं सर्वांत नवलाचं वाटतं. हाली एका रात्रीत रद्द झाला नाही. सात-सहाचा भाव तसाच ठेवला गेला. १९५० मध्ये हैदराबादची टांकसाळ भारत सरकारकडे आली, १९५१ मध्ये नवीन हाली चलन काढणं थांबलं, आणि चलन कायद्यानं पूर्ण बाद झालं ते १९५९ मध्ये. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले आणि पैनगंगा बऱ्याच लांबीत राज्याची हद्द राहिली नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले. म्हणजे १९५७ ते ५९ या दोन वर्षांत कायद्यानं तीन हिशोब एकत्र नांदत होते. ६४ पैशांचा रुपया, ९६ पैशांचा रुपया आणि १०० पैशांचा रुपया. एक हाली बरोबर ८५ पूर्णांक ७१ नये पैसे. आपण वायटूकेच्या नावानं केवढा गहजब केला होता! इथे किराणा दुकानदारांनी हे चालू सिस्टिमवर, कुठलंही टेस्टिंग न करता करून दाखवलं.

ती टांकसाळ आजही चालू आहे, सैफाबादच्या जुन्या इमारतीतून ती १९९७ मध्ये शहराबाहेर चेर्लापल्लीला गेली. तिचं नाणं ओळखायला फारसीही नको आणि काटाही नको. खिशातलं कुठलंही चालू नाणं काढा आणि सालाच्या खाली बघा. चौकट म्हणजे मुंबई, टिंब म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. पाच टोकांची चांदणी असेल तर ते हैदराबादहून आलंय. यवतमाळच्या बसस्थानकावर चहा पिऊन परत घेतलेल्या चिल्लरीत चांदण्या मला हमखास मिळतात.

राहिले ते जुने चारमिनार. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर बंजारा बायांच्या जुन्या दागिन्यांत रुपये टाका मारून ओवलेले असतात, त्यात राणी असते, जॉर्ज असतो आणि नीट पाहिलं तर कधी चारमिनारही. टाका मारलेल्या नाण्याला संग्राहक फारशी किंमत देत नाहीत, चांदीच्या भावानं जातं. सुटा असेल, झिजलेला नसेल, तर चांदीपेक्षा बरे पैसे येतात, पण गाडी-बंगला येईल एवढे नाहीत. घरात निघालाच तर चिंच किंवा राख लावून घासू नका, किंमत लगेच उतरते. मोडीत घालायच्या आधी कमानीतलं अक्षर आणि खालचं साल तेवढं वाचून घ्या.